घरासाठी कॉम्प्युटर घेताना: विंडोज, मॅक, लिनक्स की क्रोमबुक? आणि लॅपटॉपच कशाला?

पुण्यात टिळक रोडवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात पाय ठेवला की काउंटरमागून पहिला प्रश्न येतो, "बजेट किती आहे?" प्रश्न दुकानदाराच्या सोयीचा आहे. तुम्ही पन्नास हजार म्हणालात की तो पन्नास हजारांचं मशीन काढून ठेवतो, आणि ते मशीन वाईट नसतंच. ते तुमच्या घरात कोणाच्या हाताखाली जाणार, त्यावर काय चालणार, हे मात्र त्याला ठाऊक नसतं. बरेचदा आपणही त्याचा विचार केलेला नसतो. म्हणून आकडा सगळ्यात शेवटी सांगायचा. आधी कामं, मग सॉफ्टवेअर, मग सिस्टिम (विंडोज, मॅक वगैरे), मग मशीनचा आकार आणि त्यानंतर आतला माल, या क्रमाने गेलं तर दुकानात पंधरा मिनिटांत काम उरकतं.

हा लेख पहिल्यांदा कॉम्प्युटर घेणाऱ्यांसाठी आणि आठ-दहा वर्षांनी पुन्हा बाजारात उतरणाऱ्यांसाठी आहे. गेमिंगवाल्या मुलांनी वाचला नाही तरी चालेल. त्यांना यातलं सगळं माहीत असतं, आणि नसलं तरी ती ऐकत नाहीत.

पायरी १: घरात आहे ते मशीन खरंच मेलंय का?

"कॉम्प्युटर स्लो झालाय" या एका वाक्यावर घरोघरी नवी खरेदी होते. जुन्या डेस्कटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते. साधी साटा एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क, पाचशेच्या वर वाचते, आणि बारीकसारीक फायली उचलण्यात तर दोघींची तुलनाच नको. एसएसडी बसवली आणि रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) चाराची आठ जीबी केली की सात-आठ वर्षांचं मशीन पुन्हा कामाला लागतं.

अडचण वेगळीच आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मिळणारी वाढीव सुरक्षा-मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा प्रोसेसर, किंवा त्यापुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप. साधारण २०१८ च्या अलीकडचं मशीन असेल तर ते बहुधा बसतं. त्यामागचं असेल तर त्यावर लिनक्स ही फुकट सिस्टिम घालायची किंवा ते बदलायचं. 'जुगाड करून' त्यावर विंडोज ११ चढवून देणारे भेटतात, पण ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात तिथे असले प्रयोग करू नयेत.

पायरी २: कशावाचून अडतं ते लिहा

एक कागद घ्या आणि घरातला प्रत्येक जण कॉम्प्युटरवर काय करणार ते लिहा. आजोबांचा अमेरिकेतल्या नातीशी व्हिडिओ कॉल, बाबांचं सोसायटीचं मेंटेनन्सचं एक्सेल, आईच्या क्लासच्या नोट्स, मुलीचं इंजिनिअरिंग. यातली निम्मी कामं ब्राउझरमध्ये होतात आणि ती कुठल्याही मशीनवर होतात. ती सरळ खोडून टाका. मेल, यूट्यूब, बँक, गूगल डॉक्स, रेल्वेचं तिकीट यांच्यासाठी विंडोज की मॅक ही चर्चा करण्यात अर्थ नाही.

उरतात ती अडणारी कामं, आणि निवड तीच करतात.

टॅलीप्राइम हे हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवता येतं ते विंडोजवर. घरात कोणी अकाउंट्स बघत असेल तर इथेच निकाल लागला. सॉलिडवर्क्स, रेव्हिट आणि कॅटिया ही डिझाइनची सॉफ्टवेअरं विंडोजची. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती मिळते, पण विंडोजवरच्या सगळ्या सोयी तिच्यात नाहीत, त्यामुळे मेकॅनिकल, सिव्हिल किंवा आर्किटेक्चरच्या मुलामुलींनी मॅककडे बघताना दहादा विचार करावा. उलट आयफोनचं ॲप बनवायचं तर एक्सकोड लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं. व्हिडिओचं फायनल कट आणि संगीताचं लॉजिक प्रो यांनाही कॉम्प्युटरमध्ये मॅकच लागतो. फोटोशॉप विंडोजवर आणि मॅकवर चालतं, लिनक्सवर नाही. प्रोग्रॅमिंग शिकायला मात्र तिन्ही चालतात, आणि लिनक्स थोडं अधिकच चांगलं, कारण पुढे सर्व्हरवर बहुतेक तेच भेटतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळा मुद्दा. इन्स्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत आधीपासून असते. सेटिंगमध्ये जाऊन चालू केली की झालं. युनिकोडमध्ये (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत) लिहीत असाल तर कुठलंही मशीन घ्या. पण अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा नारायण पेठेत तुमचं छपाईचं काम चालत असेल, तर आधी प्रेसवाल्याला विचारा की फाइल कशात हवी. पुण्यातच जन्मलेली श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये बांधलेल्या फायली युनिकोड नसतात. योग्य फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की लग्नपत्रिकेच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसतात. प्रेसवाल्याकडे जे असेल तेच आपल्याकडे असणं अशा वेळी शहाणपणाचं.

डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन वापरणारे सीए, कंत्राटदार, वकील यांनीही टोकन ज्याच्याकडून घेतला त्याला विचारावं की मॅकवर त्याचा ड्रायव्हर (जोडलेली वस्तू मशीनला ओळखू देणारं सॉफ्टवेअर) चालतो का. तो "चालायला हरकत नाही" म्हणाला तर उत्तर 'नाही' असं समजून विंडोज घ्यावं.

पायरी ३: आता सिस्टिम

विंडोजच्या बाजूने सगळ्यात मोठं कारण तांत्रिक नाहीच. एमएस-सीआयटी केलेल्या बहुतेकांचा हात विंडोजवर आणि ऑफिसवर बसलेला असतो, आणि अडलं तर शेजारच्या फ्लॅटमधल्या कोणालाही हाक मारता येते. दुरुस्ती गल्लोगल्ली होते. प्रिंटर, स्कॅनर, बायोमेट्रिकचं यंत्र, काहीही जोडलं तरी ड्रायव्हर मिळतो. वाईट बाजूही आहे: नव्या लॅपटॉपसोबत न मागितलेली डझनभर सॉफ्टवेअरं येतात, अपडेट नेमके घाईच्या वेळी येतात आणि स्वस्तातल्या मशीनची बांधणी कशी निघेल याचा भरवसा नसतो. विंडोजमध्येच एक पोटजात आहे, ती म्हणजे स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे लॅपटॉप. २०२४ च्या मध्यापासून ते आले आहेत आणि बॅटरी उत्तम चालते, पण जुने प्रिंटर, टोकन, काही गेम यांचे ड्रायव्हर त्यांवर चालतीलच असं नाही. घरात एकच मशीन असणार असेल तर मी ते घेणार नाही.

मॅकबद्दल पुण्यात दोन टोकाची मतं ऐकू येतात: 'नुसता शो' आणि 'एकदा घेतला की दहा वर्षं बघायला नको'. २०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःची एम१ चिप आणली, तेव्हापासून पहिल्या मतात फारसा दम राहिलेला नाही. मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही. बॅटरी दिवसभर पुरते. २०२४ च्या शेवटी एम४ मॅक मिनी ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण घेऊन, आणि विद्यार्थ्यांना त्यात दहा हजारांची सूट. मॉनिटर, कीबोर्ड, माउस घरात असेल तर हा सौदा महाग म्हणता येत नाही. तळहाताएवढा, साधारण १३ सेंटिमीटर चौरस डबा. चालू करायचं बटण त्याच्या बुडाला आहे, हे कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

पण मॅक घ्यायच्या आधी तीन गोष्टी स्वीकाराव्या लागतात. घेताना जेवढी रॅम तेवढीच कायमची, पुढे वाढत नाही. २५६ जीबीपेक्षा जास्त साठवणीला ॲपल जे पैसे लावतं ते बघून बाहेरची एसएसडी जोडणंच बरं वाटतं. आणि घरातल्या जुन्या हार्ड डिस्कवर, ज्यात मुंजीचे आणि लग्नाचे फोटो आहेत, एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीची मांडणी असेल तर मॅक त्यातलं वाचेल, पण त्यावर लिहिणार नाही. त्यासाठी डिस्क दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीत बदलावी लागते, म्हणजे आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यावं लागतं. एम४ मिनीला जुन्या चौकोनी पेनड्राइव्हचं तोंडही नाही, ॲडॉप्टर लागतो. दुरुस्तीसाठी पूर्वी फक्त अधिकृत विक्रेत्यांकडे जावं लागे. सप्टेंबर २०२५ मध्ये कोरेगाव पार्कला ॲपलचं स्वतःचं दालन सुरू झालं, त्यामुळे हात लावून बघायची आणि प्रश्न विचारायची सोय झाली आहे. एक सावधगिरी: कोणी स्वस्तात इंटेलवाला मॅक देत असेल तर घेऊ नका. २०२५ ची टाहो ही मॅकच्या सिस्टिमची इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे.

क्रोमबुक म्हणजे गूगलच्या सिस्टिमचा लॅपटॉप, जवळजवळ नुसता ब्राउझर. शाळकरी मुलाला किंवा ज्यांचं सगळं काम वेबवर होतं अशा घराला पुरतं, व्हायरसची कटकट नाही. २०२१ पासूनच्या मॉडेलांना गूगल १० वर्षं अपडेट देतं, पण ही वर्षं तुम्ही विकत घेतल्यापासून मोजत नाहीत, ती त्या मॉडेलचा पाया बाजारात आला तेव्हापासून मोजतात. सेलमध्ये स्वस्त मिळालेल्या क्रोमबुकची मुदत आधी बघा.

लिनक्सबद्दल घरात बोललं की लोक टाळतात, आणि ते विनाकारण आहे. लिनक्सची मिंट ही आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन, मशीनमध्ये काहीही न बसवता, चालू करून बघता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतोय का ते अर्ध्या तासात कळतं. एमएस ऑफिसच्या जागी चालणारं लिब्रेऑफिस फुकट आहे, एक्सेलच्या साध्या फायली उघडतं, मॅक्रो असलेल्या हिशोबात मात्र रुसतं. आजी-आजोबांच्या जुन्या मशीनवर मिंट घालून दिलं की 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असे भोंदू फोन करणाऱ्यांची बरीच अस्त्रं बोथट होतात. अट एकच, घरात किंवा फोनवर कोणीतरी जाणकार हवा. पुण्यात असा भाचा-पुतण्या सहसा सापडतो.

पायरी ४: लॅपटॉपच का?

इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण घरासाठी कॉम्प्युटर म्हणजे लॅपटॉप हे आपण न ठरवताच ठरवून टाकलेलं असतं. 'कुठेही नेता येतो' हे कारण. प्रत्यक्षात आसपासच्या घरांत बघा: लॅपटॉप डायनिंग टेबलाच्या एका कोपऱ्यात, कायम चार्जरला लावलेला, मान खाली घालून बसलेला माणूस. तीन-चार वर्षांत बॅटरी थकते, मग बिजागरी कुरकुरते आणि एक दिवस त्यावर चहा सांडतो. लॅपटॉपच्या कीबोर्डवर चहा सांडला तर मदरबोर्डपर्यंत पोचतो. डेस्कटॉपच्या कीबोर्डवर सांडला तर पाचशे रुपयांत नवा कीबोर्ड येतो.

लॅपटॉप ज्यांना खरोखर लागतो ते लोक वेगळे. हिंजवडीला किंवा खराडीला ऑफिसात जा-ये करणारे, वसतिगृहात राहणारे, आठवड्याला गावी जाणारे. सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉटवर राहून अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या एमपीएससीच्या मुलांना डेस्कटॉप सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्या खोलीत टेबलालाच जागा नसते. त्यांनी हलका, चौदा इंची, बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप घ्यावा आणि ग्राफिक्स कार्डाच्या मोहात पडू नये, कारण त्याने वजन वाढतं, बॅटरी घटते आणि अभ्यासिकेत पंख्याचा आवाज होतो तो वेगळाच.

ज्या घरात मशीन एकाच जागी राहणार आहे तिथे मिनी पीसीकडे गंभीरपणे बघावं. पाठ्यपुस्तकाएवढा डबा, मॉनिटरच्या पाठीमागे स्क्रूने बसतो, हॉलमध्ये तारांचा पसारा नाही. इंटेल एन१०० सारख्या छोट्या चिपवरचे मिनी पीसी ब्राउझिंग, ऑफिस, व्हिडिओ कॉल आणि ऑनलाइन क्लास आरामात ओढतात. त्या चिपची मूळ वीज-मर्यादाच ६ वॅटची आहे. तिच्यावर व्हिडिओ एडिटिंग किंवा कॅड करायला जाऊ नका, तिथे रायझन ५ किंवा कोअर आय५ वाला मिनी घ्या. मॅक मिनीही याच कुळातला. चोवीस इंची मॉनिटर डोळ्यांच्या उंचीला ठेवला, खुर्ची बरी असली की तासभर काम केल्यावर मान धरत नाही. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला हा फरक प्रोसेसरच्या फरकापेक्षा जास्त जाणवतो.

असेंबल्ड डेस्कटॉप अजूनही पैशाला सगळ्यात जास्त देतो. एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) गेला तर एसएमपीएस बदला, रॅम कमी पडली तर खोचा, पाच वर्षांनी ग्राफिक्स कार्ड घाला. वाढत्या वयाची मुलं घरात असतील, गेम, थ्रीडी, मशीन लर्निंग असलं काही पुढे येण्याची शक्यता असेल तर कॅबिनेटला पर्याय नाही. मशीन लर्निंगवाल्यांनी कार्ड एनव्हिडियाचंच घ्यावं, कारण त्या कामाला लागणारी एनव्हिडियाची कूडा ही सॉफ्टवेअर-प्रणाली त्यावरच चालते. कॅबिनेट फरशीवर ठेवू नये. फरशी पुसताना पाणी जातं, धूळ खालूनच खेचली जाते, आणि पावसाळ्यात पाल उबेला आत शिरून एसएमपीएससकट जाते. जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, मागच्या रिकाम्या फटी झाकून घ्या.

ऑल-इन-वन, म्हणजे मॉनिटरच्या आतच सगळं, दिसायला देखणं. पण पडदा गेला तर मशीन गेलं आणि मशीन गेलं तर पडदा गेला. मी कोणाला घ्यायला सांगत नाही. टॅब्लेटला कीबोर्ड जोडून 'लॅपटॉपच आहे' म्हणणाऱ्यांना एकदा त्यावर तीन रकान्यांचं एक्सेल भरायला लावा.

पायरी ५: पाटीवरचे आकडे वाचायला शिका

दुकानातल्या पाटीवर 'आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी' एवढंच लिहिलेलं असतं. यातल्या 'आय५' ला एकट्याला काही अर्थ नाही. पूर्ण नंबर विचारा. कोअर आय५-१२३५यू मध्ये १२ म्हणजे बारावी पिढी. शेवटचं अक्षर यू असेल तर कमी वीज खाणारा, एच असेल तर ताकदीचा आणि तापणारा. दहाव्या पिढीच्या आय७ पेक्षा बाराव्या पिढीचा आय५ बऱ्याच कामांत पुढे असतो, पण '७' बघून माणसं भुलतात. अलीकडे इंटेलने 'आय' काढून कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशी नावं केली आहेत, म्हणजे गोंधळात भरच.

एएमडीचा चकवा याहून भारी. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही तीन नावं जुळ्या भावंडांसारखी दिसतात. पण खरी पिढी तिसऱ्या आकड्यात लपलेली आहे: २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. सुरुवातीचा ७ आकडा फक्त कुठल्या वर्षाच्या यादीतला ते सांगतो. ७५२०यू आणि ७५३०यू यांच्या किमतीत थोडाच फरक दिसला तर बेलाशक ७५३०यू घ्या. २०२५ च्या यादीपर्यंत एएमडीनेही नावं पुन्हा बदलली आहेत, म्हणून मॉडेलचा पूर्ण नंबर फोनमध्ये टाकून प्रोसेसर कोणत्या वर्षी निघाला ते तिथेच उभ्या उभ्या बघा.

रॅम आता १६ जीबीच घ्या. ८ जीबी आज चालेल, दोन वर्षांनी ब्राउझरच ती खाऊन टाकेल. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जोरात चढलेत, एआयच्या सर्व्हरकडे सगळा माल जातोय. त्यामुळे 'आत्ता ८ घेऊ, नंतर वाढवू' म्हणणाऱ्यांनी दोन प्रश्न विचारावेत: रॅम बोर्डावर चिकटवलेली आहे का, आणि मोकळा स्लॉट आहे का? बारीक लॅपटॉपमध्ये ती चिकटवलेलीच असते.

पडदा फुल एचडी आणि आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारा). उजेडाचा आकडा २५० निट्स असेल तर गॅलरीत बसून दिसणार नाही, ३०० च्या पुढचा शोधा. बाकी आरजीबी दिवे, फिंगरप्रिंट, 'एआय रेडी'चा स्टिकर यांच्यासाठी जास्तीचा रुपयाही देऊ नये.

पायरी ६: सेकंडहँड घेणार असाल तर

पुण्याचा एक फायदा आहे. हिंजवडी, मगरपट्टा, खराडीतल्या कंपन्या ठरावीक वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीची मशीनं घाऊक बाजारात येतात. बांधणी दणकट, भाग मिळतात, किंमत नव्याच्या अर्ध्याहून कमी. तंगीच्या बजेटमध्ये हलक्या दर्जाच्या नव्या लॅपटॉपपेक्षा असलं जुनं मशीन मी कधीही घेईन.

घेताना समोर बसून तपासा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागचं नको. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पासवर्ड तर नाही ना ते बघा. कंपनीच्या नावाने लॉगिन मागत असेल तर ते मशीन अजून कंपनीच्या ताब्यातून सुटलेलं नाही. जुना मॅक असेल तर आधीच्या मालकाचा ॲपल आयडी काढलाय याची खात्री तिथेच करून घ्या, नाहीतर हातात नुसती ॲल्युमिनियमची पाटी येते. सगळ्या की दाबून बघा, कॅमेरा चालू करा, प्रत्येक पोर्टमध्ये पेनड्राइव्ह घाला. विक्रेता घाई करायला लागला तर उठा.

पायरी ७: लाईट

पुण्यात गुरुवार म्हणजे महावितरणच्या दुरुस्तीचा वार. डेस्कटॉप आणि मिनी पीसीला छोटा यूपीएस लागतोच. ६०० व्हीएचा यूपीएस मिनी पीसी आणि मॉनिटरला मोठ्या कॅबिनेटपेक्षा बराच जास्त वेळ ओढतो, पण त्याचं खरं काम फाइल सेव्ह करून नीट बंद करायला वेळ देणं हे आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. ते चालू असलं की लाईट जाताना कॉम्प्युटर सहसा बंद पडत नाही. लॅपटॉपवाले बॅटरीवर खूश असतात, पण वायफायचा राउटर बंद पडला की त्यांचंही ऑफिस बंद. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा मिळतो, तो घ्या.

बिलाचा हिशोब सोपा आहे. १०० वॅट ओढणारं मशीन रोज ६ तास चाललं तर महिन्याला १८ युनिट, २५ वॅटचं असेल तर साडेचार. आणि धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला असताना हाताला झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बघा. जुन्या वाड्यांत आणि जुन्या बिल्डिंगांत तिसरी पिन नुसती शोभेची असते.

पायरी ८: दुकानात

आता टिळक रोडवर जा, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या आणि त्यात प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. 'चांगल्या कंपनीचा एसएमपीएस' हे मॉडेल नाही. "दादा, मदरबोर्ड कोणता ते लिहून द्या ना" एवढं म्हटलं की समोरच्याचा सूर बदलतो. ऑनलाइन भाव फोनवर दाखवून घासाघीस करायला हरकत नाही, पण दोन-पाचशेच्या फरकासाठी बिघाडाच्या वेळी समोर उभा राहणारा माणूस गमावू नये. केबल, कन्व्हर्टर, पंखे, सुटे कनेक्टर यांच्यासाठी बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आहेच.

बिल जीएसटीचं, पक्कं. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो वाचवायला कच्चं बिल घेतलं की वॉरंटीचा कागदच हातात राहत नाही. असेंबल्ड मशीनमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. डबाबंद प्रोसेसरची सहसा तीन वर्षं, बाकीच्यांची कमी-जास्त. म्हणून प्रत्येकाचा सिरीयल नंबर बिलावर हवा. ब्रँडेड लॅपटॉपला 'ऑनसाइट' वॉरंटी आहे की सर्व्हिस सेंटरपर्यंत आपण न्यायचा, ते विचारा. दिवसभर नोकरी करणाऱ्याला हा फरक फार मोठा.

असेंबल्ड घेताना दुकानदार "विंडोज टाकून देतो" म्हणतो, तेव्हा लायसन्सचं बिल मिळणार का ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ते क्रॅक केलेलं आहे. तसल्या मशीनवर नेटबँकिंग करण्यापेक्षा लिनक्स घाला, किंवा लायसन्सचे पैसे बजेटमध्ये धरा.

घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी सगळी पोर्टं, वायफाय, कॅमेरा, आवाज तपासून घ्या आणि खोका महिनाभर माळ्यावर टाका, फेकू नका. बदलून घ्यायचं झालं तर तो मागतात.

जुनं मशीन भंगारवाल्याला द्यायच्या आधी आतली डिस्क काढून ठेवा किंवा पूर्ण पुसा. बँकेच्या स्टेटमेंटपासून आधारच्या कॉपीपर्यंत सगळं तिच्यात असतं. ई-कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडे किंवा सोसायटीत होणाऱ्या संकलनात देता येतो. मॉनिटर मात्र द्यायची घाई करू नका. एचडीएमआय असेल तर तो नव्या मिनी पीसीला सरळ लागतो, आणि फक्त व्हीजीए असेल तर एक छोटा कन्व्हर्टर लावून दुसऱ्या पडद्यासारखा चालतो.